फासा, संधी आणि हिशेब



मराठीत एखाद्याचे दैव उघडले की त्याचे ‘पौ बारा’ झाले असे म्हणतात, आणि एखाद्याने संधी साधून पळ काढला की त्याने ‘पोबारा केला’ असे म्हणतात. दोन्ही वाक्प्रचार सारीपाटाच्या एकाच दानाची आठवण जपून आहेत. पटावर लांबट, चार बाजूंचे तीन फासे टाकले आणि एकावर एक व उरलेल्या दोहोंवर सहा-सहा असे ठिपके आले, की ते दान पौ बारा. हे दान इतके भाग्याचे का मानले गेले, याचे उत्तर भाषेच्या कोशात नाही, ते गणितात आहे. प्रत्येक फाशाच्या चार बाजू, म्हणून तीन फाशांची मिळून चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ प्रकारची दाने. त्यांपैकी एकाचा ठिपका पहिल्या फाशावर, दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर, अशी तीनच दाने पौ बाराची. चौसष्टांत तीन, म्हणजे शंभर वेळा फासे टाकले तर सरासरीने पाच वेळाही नाही. ज्यांनी हा शब्द भाषेला दिला त्यांनी अपूर्णांक मांडला नसेल. परंतु दान किती दुर्मीळ आहे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी फाशांचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. फासा म्हटले की द्यूत आठवते, द्यूत म्हटले की हस्तिनापूरची सभा आठवते, आणि शाळेच्या व्यासपीठावर या आठवणीला थारा नसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आज घरोघरी, विशेषतः बेंगळुरूसारख्या संगणकाच्या नगरीतील मराठी घरांत, मुलांच्या हातातील पडद्यावर रोज फासे पडत आहेत. ते दिसतातच असे नाही. पुष्कळदा ते खेळाच्या पोटात दडलेले असतात. म्हणून आज प्रश्न फासा चांगला की वाईट हा नाही. प्रश्न असा आहे, की पडणाऱ्या फाशाचा हिशेब आपल्या मुलाला मांडता येतो की नाही.

जुन्या खेळापासूनच आरंभ करू. कर्नाटकात ज्याला चौकाबारा म्हणतात आणि महाराष्ट्रात काही घरांत चल्लस-आठ म्हणतात, तो खेळ येथे बसलेल्या अनेक आज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळलेला असेल. फरशीवर खडूने आखलेली घरे, चार कवड्या आणि रंगीत खड्यांच्या किंवा बांगडीच्या तुकड्यांच्या सोंगट्या, एवढेच साहित्य. जितक्या कवड्या उताण्या तितकी घरे पुढे; चारही उताण्या पडल्या तर चार आणि पुन्हा खेळण्याचा मान; चारही पालथ्या पडल्या तर आठ आणि पुन्हा खेळण्याचा मान. आता प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समसमान आहे असे क्षणभर मानू. चार कवड्यांच्या १६ रचना होतात. त्यांत एक उताणी असलेल्या चार, दोन उताण्या असलेल्या सहा, तीन उताण्या असलेल्या चार, आणि चारही उताण्या किंवा चारही पालथ्या असलेली प्रत्येकी केवळ एक. पुन्हा खेळण्याचा मान या शेवटच्या दोन रचनांनाच मिळतो, म्हणजे आठांत एकदा. दुर्मीळ ते मौल्यवान, हा नियम खेळ रचणाऱ्यांनी किती अचूक पाळला आहे, हे या सोळा रचना कागदावर मांडल्या की मुलांना आपोआप कळते. त्यासाठी संभाव्यतेच्या धड्याची वाटही पाहावी लागत नाही.

आता नव्या खेळाकडे येऊ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पट जिंकायचा नसतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य, आणि सर्वांनी मिळून एक कथा पुढे न्यायची असते. कथेतील प्रत्येक धाडस यशस्वी झाले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. भिंत चढायची आहे? फाशावर अकरा किंवा त्याहून अधिक पडले तर चढलात. आज या कुळातील खेळ मुले ऑनलाइन खेळतात. एक मित्र जयनगरात, दुसरा पुण्यात, तिसरा न्यू जर्सीत, आणि फासा संगणक टाकतो. पात्राची पातळी वाढली की त्याला नवी क्षमता निवडता येते, आणि तेथेच गणित दारात येऊन उभे राहते.

समजा, नववीत शिकणाऱ्या एका मुलीपुढे असा पर्याय आला आहे. पहिली क्षमता अशी, की प्रत्येक धाडसाच्या वेळी एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यांतील मोठा आकडा घ्यायचा. वर नाव घेतलेल्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत हा नियम सर्वत्र वापरलेला आहे. दुसरी क्षमता अशी, की फासा एकच टाकायचा, पण पडलेल्या आकड्यात तीन मिळवायचे. दोहोंतून एकच निवडायची आहे. तिचे मित्र सांगतात की दोन फासे घे, कारण दोन हे एकापेक्षा बरे. ती जर घरात कोणाला विचारायला आली, तर बहुतेक घरांत तिला उत्तर मिळेल, “पुरे झाला तो खेळ, अभ्यासाला बस.” ती अभ्यासच विचारायला आलेली असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा अभ्यास आता येथेच करून पाहू. वीस बाजूंचे दोन फासे टाकले तर वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० प्रकारची दाने. चौकटीच्या वहीवर वीस ओळी आणि वीस स्तंभ आखले की ही चारशे घरे डोळ्यांसमोर येतात. यश मिळण्यास अकरा किंवा अधिक हवे असेल, तर अपयश केव्हा येईल? दोन्ही फासे दहा किंवा त्याखाली पडले तरच. अशी घरे दहा गुणिले दहा, म्हणजे १००. चारशेत शंभर अपयशाची, तीनशे यशाची. एका फाशाने यशाची शक्यता ५० टक्के होती, दोन फाशांनी ती ७५ टक्के झाली. तीन मिळवण्याच्या क्षमतेने काय झाले असते? अकराऐवजी आठ पडले तरी चालले असते. वीसांपैकी १३ बाजू अनुकूल, म्हणजे ६५ टक्के. येथे दोन फासे श्रेष्ठ ठरले, आणि मित्रांचे म्हणणे खरे निघाले.

परंतु गणित एका उदाहरणावर थांबत नाही. काम कठीण आहे आणि एकोणीस किंवा वीसच पडायला हवे, असे समजा. एका फाशाने यश १० टक्के. दोन फाशांनी अपयशाची घरे अठरा गुणिले अठरा, म्हणजे ३२४. यशाची उरली ७६, म्हणजे १९ टक्के. तीन मिळवले तर सोळा पुरे. वीसांपैकी पाच बाजू, म्हणजे २५ टक्के. येथे बाजी उलटली. आणि काम त्याहूनही कठीण, बावीसच्या मोजमापाचे असेल तर? वीस बाजूंच्या फाशावर बावीस पडत नाहीत. एका फाशाने यश शून्य. दोन फाशांनीही शून्य. दोनशे फासे टाकले तरी शून्यच. तीन मिळवणारी मात्र एकोणीसवर निभावून नेते आणि दहांत एकदा यशस्वी होते.

याचे सूत्र सोपे आहे. एका फाशाने यशाची जी शक्यता असेल, तिला अपयशाच्या शक्यतेने गुणले की दुसऱ्या फाशाने झालेली वाढ मिळते. निम्मी शक्यता असेल तर वाढ पाव, म्हणजे २५ टक्क्यांची. ही सर्वांत मोठी. शक्यता १० टक्के असेल तर वाढ केवळ ९ टक्क्यांची; ९० टक्के असेल तरीही ९ टक्क्यांचीच. दुसरा फासा मधल्या वाटेवरच्याला सर्वाधिक देतो, कड्याच्या टोकावरच्याला थोडे देतो, आणि अशक्याच्या दारात उभ्या असलेल्याला काहीच देत नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘हे घे’ किंवा ‘ते घे’ असे नाही. तिने आधी विचारायला हवे, की पुढच्या कथेत आपल्यापुढे येणारी कामे कोणत्या मोजमापाची आहेत. ती साधारण असतील तर दुसरा फासा, ती बिकट असतील तर वाढलेली ताकद.

या उत्तराचा धागा शाळेपर्यंत येतो. कर्नाटकात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या विद्यार्थ्यांना एका वर्षात तीन परीक्षांची संधी मिळू लागली आणि विषयवार सर्वोत्तम गुण राखण्याची मुभा मिळाली. फाशांच्या भाषेत हा ‘मोठा आकडा घ्या’ असा नियम आहे. ज्याची तयारी मध्यम आहे, ज्याचा एक पेपर तापामुळे किंवा भीतीमुळे हुकला, त्याला या नियमाने मोठा आधार दिला, आणि तो स्वागतार्हच आहे. परंतु ज्याने पुस्तक उघडलेलेच नाही, त्याच्यासाठी दुसरी आणि तिसरी परीक्षा म्हणजे बावीसच्या कामासाठी टाकलेले आणखी दोन फासे. त्याला हवी असते ती ‘अधिक तीन’ची क्षमता, म्हणजे वाढलेली तयारी. येथे एक भेदही सांगितला पाहिजे. फासा मागचे काही शिकत नाही, विद्यार्थी शिकू शकतो. पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेच्या मध्ये जे आठवडे मिळतात त्यांत त्याने अभ्यास केला, तर त्याचा दुसरा फासा पहिल्याहून चांगला असतो. माणसाला मिळालेली ही सवलत कोणत्याही फाशाला नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. ती अधिक गंभीर आहे. एकच प्रयत्न पुनःपुन्हा केला तर काय होते? हा प्रश्न सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शव्हालिए द मेरे या गृहस्थाला पडला होता. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पडेल, या पैजेत लाभ आहे. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी जोड सहा पडतील, या पैजेतही तितकाच लाभ असायला हवा, असे त्याला वाटे. सहांत चार आणि छत्तीसांत चोवीस, प्रमाण तेच! परंतु शक्यतांची अशी बेरीज होत नाही. दर वेळी अपयश येण्याची शक्यता गुणत न्यावी लागते. तसे केले की पहिल्या पैजेत यश ५१.८ टक्के येते आणि दुसरीत ४९.१ टक्के. एक पैज फायद्याची, दुसरी तोट्याची. द मेरेने फाशांचे प्रश्न पास्कालपुढे ठेवले, पास्काल आणि फर्मा यांचा १६५४ साली पत्रव्यवहार झाला, आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रांतून घातला गेला. आज विमा, हवामानाचा अंदाज, औषधांच्या चाचण्या हे सारे त्या पायावर उभे आहे.

द मेरेची चूक आज मुले पडद्यावर रोज करतात, आणि तिची किंमत कधीकधी आईवडिलांच्या खात्यातून जाते. अनेक ऑनलाइन खेळांत पैसे देऊन एक बंद पेटी उघडता येते. आत काय निघेल ते दैवाधीन. दुर्मीळ तलवार निघण्याची शक्यता १ टक्का आहे, असे समजा. मुलगा मनाशी म्हणतो, शंभर पेट्या उघडल्या की तलवार नक्की. हिशेब असा आहे: एका पेटीत तलवार न निघण्याची शक्यता ९९ टक्के, शंभर पेट्यांत एकदाही न निघण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३६.६ टक्के. चाळीस मुलांच्या वर्गाने प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर जवळजवळ पंधरा मुले रिकाम्या हाताने बसतील. पेटीची किंमत ५० रुपये धरली तर त्या प्रत्येकाचे ५,००० रुपये गेलेले असतील. निम्मी शक्यता गाठायलाच ६९ पेट्या लागतात. आणि ९९ टक्के खात्री हवी असेल तर ४५९ पेट्या, म्हणजे २२,९५० रुपये, एका तलवारीसाठी, जी खेळ बंद पडला की तलवारही उरत नाही.

याहून घातक असा एक भ्रम आहे. नव्वद पेट्या रिकाम्या निघाल्या, म्हणजे आता तलवार जवळ आली असली पाहिजे, असे मन सांगते. फाशाला स्मरण नसते. खेळाने तसा वेगळा नियम लिहून दिलेला नसेल, तर एक्याण्णवाव्या पेटीतही शक्यता तीच, १ टक्का. गेलेले पैसे पुढच्या पेटीवर काही उपकार करीत नाहीत. मुलाला ‘पैसे उडवू नकोस’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा ०.९९ चा घात एकदा त्याच्याच हाताने काढून घेणे अधिक परिणामकारक ठरते. कारण उपदेशाशी वाद घालता येतो, गुणाकाराशी घालता येत नाही.

मोजणी हाच मोहावरचा उतारा, हा विचार परका नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान येथे नव्या अर्थाने वाचावे. फाशांनी राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि त्याला घेऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. रथात बसल्याबसल्या राजा सांगतो, की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. घाई असतानाही नल रथ थांबवतो आणि मोजून पाहिल्याशिवाय पुढे जायला तयार होत नाही. संख्या जुळते. राजा म्हणतो की आपल्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म आणि गणनेची विद्या, अवगत आहे. नल ती विद्या घेतो, बदल्यात अश्वविद्या देतो, आणि त्याच क्षणी त्याच्या देहातून कली निघून जातो. झाडाची पाने मोजण्याचा आणि फाशांचा संबंध काय, असे कोणी विचारील. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, आणि मूठभर फळांची संख्या चारांनी भागून काय उरते यावर डाव ठरत असे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे संख्येचा अंदाज हेच त्या खेळाचे मर्म होते. कथाकाराने कलीला मंत्राने घालवले नाही, मोजण्याच्या विद्येने घालवले, हे विसरू नये.

फासा खेळाचा कोणता आणि जुगाराचा कोणता, हा वाद बेंगळुरूला नवा नाही. महाराष्ट्राशीही त्याचे जुने नाते आहे. ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बेंगळुरूत छापले जाई आणि त्यातील बक्षीसस्पर्धेच्या प्रवेशिका तेव्हाच्या मुंबई राज्यातून भरून पाठवल्या जात. मुंबई सरकारने त्यावर कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालपत्रात ती स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरली. त्याच निकालात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचा दाखला आहे. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती वेगळी, हा भेदही तेव्हाच स्पष्ट झाला. पुढे २०२१ मध्ये कर्नाटकाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारी दुरुस्ती केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, आणि ई-स्पोर्ट्स व पैसे न लावता खेळले जाणारे खेळ वेगळे काढले. बंद पेट्यांचा विचार इतर देशांनीही केला आहे. चीनने २०१७ पासून त्यांतील वस्तू मिळण्याच्या शक्यता जाहीर करणे खेळकंपन्यांना बंधनकारक केले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशांच्या अशा पेट्या जुगारात गणल्या.

कायदा आपले काम करील. परंतु कायदा घराच्या दिवाणखान्यात बसत नाही. तेथे आईवडील बसतात. त्यांनी मुलाच्या खेळाकडे पाहताना तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले. या फाशावर पैसे लागले आहेत काय? शक्यता किती, हे खेळाने सांगितले आहे काय? आणि सांगितलेले खरे आहे की नाही, हे तपासता येते काय?

तिसरा प्रश्न मुलांना सर्वाधिक आवडेल, कारण त्यात प्रयोग आहे. मघाशी कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समान मानली. पण कवडी एका अंगाने फुगीर असते, दुसऱ्या अंगाने चपटी. ती उताणी पडण्याची शक्यता निम्मी नसून पाचांत दोन असेल, तर चारही पालथ्या पडण्याची शक्यता ६२५ त ८१ होते आणि चारही उताण्या पडण्याची ६२५ त १६ च. दोन्ही दाने समान दुर्मीळ राहत नाहीत; आठ हे चारापेक्षा पाचपट वेळा पडू लागते. आपल्या घरातल्या कवडीची शक्यता किती, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ती कवडी चारशे वेळा टाकून वहीत नोंद करावी लागेल. ऑनलाइन फाशाचेही तेच. वीस बाजूंच्या फाशाची चारशे दाने लिहून काढली तर प्रत्येक आकडा सरासरीने वीस वेळा यावा. एखादा सोळा वेळा आणि एखादा चोवीस वेळा आला तर फाशात खोट नाही. एवढा चढउतार दैवाच्या स्वभावातच आहे. पण वीस हा आकडा चारशेत पाचच वेळा आला, तर मात्र प्रश्न विचारायला हवा. किती फरक स्वाभाविक आणि किती संशयास्पद, हे ठरवणाऱ्या शास्त्राला संख्याशास्त्र म्हणतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे एक केंद्र याच शहरात म्हैसूर रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे साठेक किलोमीटरवर चन्नपट्टण लागते, जेथील कारागीर लाकूड चरकावर फिरवून, लाखेचे रंग चढवून खेळणी घडवतात. खेळणे घडवणारे गाव आणि संयोगाचे शास्त्र शिकवणारी संस्था एका रस्त्यावर असणे हा योगायोग आहे. परंतु एका रविवारी मुलांना दोन्हीकडे घेऊन जाणे हा योगायोगावर सोडण्याचा विषय नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज याच नगरीत संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांतील काहींच्या हातून असेच फासे घडत असतील. त्यांच्याकडे शाळेची एक अपेक्षा आहे: जो फासा पडद्याआड टाकाल त्याच्या बाजू किती, हे खेळणाऱ्याला सांगा. शाळेच्या फळ्यावर उत्तराबरोबर रीतही लिहावी लागे. रीत लपवून उत्तर दाखवणाऱ्याला गुण मिळत नसत. तो दंडक शाळेबाहेरही पाळण्याजोगा आहे.

आणि पालकांना विनंती एवढीच, की मुलगा किंवा मुलगी खेळातील एखाद्या क्षमतेचा प्रश्न घेऊन आली, तर तिला परत पाठवू नका. चौकटीची वही घ्या, वीस ओळी आणि वीस स्तंभ आखा, आणि चारशे घरांतील यशाची घरे तिला रंगवू द्या. अर्ध्या तासाचे काम आहे. उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नसले तरी बिघडत नाही. ऋतुपर्णाच्या शब्दावर विश्वास न ठेवता नल झाडापाशी उतरला होता, तसे दोघांनी मिळून उतरायचे आणि मोजायचे. ज्या मुलीने एकदा स्वतःच्या हाताने अशी घरे मोजली, ती पुढे कर्जाची जाहिरात वाचताना, औषधाच्या गुणाची ग्वाही ऐकताना, किंवा ‘हमखास दुप्पट’ म्हणणाऱ्याच्या समोर बसताना, आधी एकच गोष्ट विचारील: एकूण घरे किती, आणि त्यांतली माझ्या बाजूची किती?

शाळेने साठ वर्षांत हजारो मुलांना पाढे शिकवले. पाढ्यांचा उपयोग काय, असे ज्यांनी तेव्हा विचारले होते, त्यांच्या मुलांना आज तो या फाशांत सापडेल.